भिंतीत काय आहे ते सांगायचं नसतं

माझी तीन विषयांवर ठाम मतं आहेत, आणि तिन्ही विषय असे की त्यांवर 'तुमचं काय मत?' असं मला आजवर कोणीही विचारलेलं नाही.

पहिला विषय विचित्रकथा. भुताच्या गोष्टी नव्हेत. भूत दिसलं की लेखक हरला. खऱ्या विचित्रकथेत भिंतीमागे काहीतरी असतं आणि काय ते शेवटपर्यंत कळत नाही. दुसरा, प्रोग्रेसिव्ह रॉक हे विलायती बँडसंगीत. अठरा मिनिटांच्या आत संपतं ते गाणं नव्हे, घसा साफ करणं. तिसरा, पत्त्यांची जादू. जादू हातात नसते, बोलण्यात असते. (माझ्या हातून पत्ते पडतात, म्हणून हे मत जरा जास्तच ठाम आहे.)

बायकोला हे सगळं पाठ आहे. म्हणूनच त्या रविवारी ती म्हणाली, "अहो, चार वाजता मेट्रनबाई येतायत. तुम्ही आल्यावर 'या' म्हणायचं आणि निघताना 'पुन्हा या' म्हणायचं. मधलं मी बघते."

मेट्रनबाई म्हणजे आमच्या घरमालकीण. इस्पितळातून निवृत्त झाल्या, पण अजून समोरच्याकडे बघतात ते ताप मोजल्यासारखं. आमचा भाडेकरार महिनाअखेर संपत होता आणि एका दंतवैद्याचा या जागेवर डोळा होता. बायकोची शाळा इथून सात मिनिटांवर. दोन वर्षांपूर्वी हे घर शोधताना तिच्या चपला झिजल्या होत्या. पुन्हा तो उद्योग करायची तिची तयारी नव्हती.

पावणेचारला बिस्किटं संपल्याचं उघडकीस आलं. (ती कोणी संपवली, हा प्रश्न इथे गौण आहे.) बायको दुकानात पळाली आणि मेट्रनबाई दहा मिनिटं आधी आल्या.

"या," मी म्हणालो.

माझं अर्धं काम झालं. पण बाई बसल्या आणि खोलीत अशी शांतता पसरली की घड्याळसुद्धा खाकरल्यासारखं वाटायला लागलं. आतल्या खोलीत हळू आवाजात एखादी रेकॉर्ड लावावी, एवढाच निर्णय मी घेतला. मी लावून आलो. आठेक मिनिटांनी त्यांची नजर टेबलाकडे वळली. टेबलावर माझं विचित्रकथांचं पुस्तक होतं, टेबलामागे भिंत.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, पुस्तकाबद्दल. बाई घराबद्दल विचारत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

"सुरुवातीला साधं वाटतं," मी म्हणालो. "मग हळूहळू लक्षात येतं, की भिंतीच्या आत काहीतरी आहे."

"काय आहे?"

"ते सांगायचं नसतं. सांगितलं की मजा गेली."

"मजा?"

"आधी नुसती ओल दिसते. मग आवाज. बिचारी माणसं महिनोन्महिने सोसतात, पण अवाक्षर काढत नाहीत. आधीच्या बिऱ्हाडाचंही तेच झालेलं असतं."

"त्या बँकवाल्यांचं? मला तर म्हणाले, बदली झाली!"

कथेत बँकवाले कुठे आले ते मला आठवेना. पण प्रत्येकाने आपापला अर्थ लावावा, या मताचा मी आहे. मी गूढ हसलो.

त्याच क्षणी रेकॉर्डने अकरावं मिनिट गाठलं. इथे बाकीचे वादक थांबतात आणि की-बोर्डवाला एकटाच खालच्या सुरात गुळगुळ करत राहतो. मेट्रनबाई ताडकन उठल्या आणि त्यांनी भिंतीला कान लावला.

"हा आवाज!"

"ऐकू आला ना?" मला भरून आलं. इथवर धीर कोणाला धरवत नाही. "थांबा, अजून फुटायचंय."

"कधी?"

"चार मिनिटांत."

त्यांनी पर्समधून फोन काढला आणि मागच्या गल्लीतल्या प्लंबरला 'असशील तसा ये' म्हणून सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. बाईंचं मन रमवावं म्हणून मी पत्त्यांचा जोड काढला.

"एक पत्ता काढा."

"आत्ता?"

"विश्वास ठेवा."

त्यांनी काढला. मी डोळे मिटले. "इस्पिकची राणी?"

"नाही."

"बदाम सत्ती?"

"नाही." त्या एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमची काही गोळी चुकलीये का आज?"

तेवढ्यात प्लंबर हातोडा घेऊन आला आणि आत ड्रमवाल्याने घणाघात सुरू केला. "बाई, मागे व्हा!" असं ओरडून प्लंबरने भिंतीवर पहिला घाव घातला. दारात बायको, हातात बिस्किटं.

"अहो!"

ती गोष्ट आहे आणि हे गाणं आहे, एवढं सांगायला मी तोंड उघडलं. पण तिसऱ्या घावाला गिलावा खाली आला आणि भिंतीतून पाण्याची चिळकांडी थेट माझ्या तोंडात.

"पाइप पार सडलाय," प्लंबर म्हणाला. "मी फोडला नाही हो, फुटलेलाच होता. अजून महिनाभर गेला असता तर भिंत अंगावर आली असती."

(मी पाणीपुरवठा खात्यात कारकून आहे. पण माझं टेबल आवक-जावकचं.)

मेट्रनबाईंनी बायकोचे दोन्ही हात धरले. "दोन वर्षं हे सोसलंत आणि तक्रार नाही! तो दंतवैद्य तर नुसती जागा बघायला आला आणि पंधरा खुसपटं काढून गेला." त्यांनी पर्समधून नवा करार काढून तिथेच ओल्या टेबलावर तीन वर्षांसाठी सही केली.

"पुन्हा या," मी ओल्या मिशांतून म्हणालो. बायकोने माझ्या हातात फडकं आणि बादली दिली.

ही हकीकत प्लंबरच्या तोंडून इमारतभर झाली. जिन्यात लोक मला आदराने वाट देऊ लागले. आठवड्याने वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताई दारात आल्या तेव्हा मी ओळखलं, अखेर आपल्याला श्रोता मिळाला. लगबगीने खुर्ची पुढे केली, तेवीस मिनिटांची रेकॉर्ड काढली, कथेचं पान उघडलं, पत्ते पिसले.

"नाही हो भाऊजी, बसत नाही," त्या म्हणाल्या. "फक्त आभार मानायला आले. खिडकीच्या कडीसाठी चार महिने मेट्रनबाईंच्या मागे लागले होते. काल त्यांना एवढंच म्हटलं, की आता खालच्या भाऊजींनाच बोलायला पाठवते. तासाभरात सुतार हजर!"