व्यासपीठ भिंतीवर, श्रोते भिंतीखाली

"तलावाची पूजा घालायला कुणी बडं माणूस येणार म्हणलं, की आपलं पोरगं उचलायचं आन् लांब जायचं," असं माझ्या सासूबाई रशीदाअम्मी मला लग्नाच्या वर्षीच म्हणाल्या होत्या. मी बी.एस्सी. असल्यामुळे हसले.

यंदा मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावचा मातीचा पाझर तलाव काठोकाठ भरला. भरलेल्या तलावाचे जलपूजन व्हावे, हे उचितच. परंतु नेत्यांची तारीख मिळेना. दरम्यान जादा पाणी कोणाचीही परवानगी न घेता सांडव्यावरून वाहून जाऊ लागले. पातळी उतरली तर फोटो काय येणार? सरपंच अजिनाथरावांनी वाळूची पोती रचून सांडवाच बंद केला.

मंडपाचे काम माझ्या नवऱ्याला, तौहीदला मिळाले. मागे पाणी दिसावे म्हणून व्यासपीठ तलावाच्या भिंतीवर, आणि जागा सपाट म्हणून श्रोत्यांच्या खुर्च्या भिंतीखाली. खांबांसाठी भिंतीत खड्डे खणले, तर खड्ड्यांना पाणी लागले.

"भाऊ, भिंतीतनं पाणी येतंय," आमच्या लेकाला, ताबीशला, कडेवर सावरत मी सरपंचांना म्हणाले.

"वहिनी, आपल्या भागात पाणी लागलं की नारळ फोडत्यात. तुमी रडताय व्हय?"

मी जलसंधारणाच्या शाखा अभियंत्यांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, पूजनाआधी पाणी सोडलं, तर तलाव भरला होता हे सिद्ध कसं करायचं? पूजन होऊ द्या, मग गळती बघू."

भिंतीखाली चिखल झाला. त्यावर हिरवा गालिचा अंथरण्यात आला. गालिचा तरंगू लागला, तेव्हा अभियंत्यांच्या कार्यालयाने त्याची गंभीर दखल घेतली आणि कडेने दगड ठेवण्याचे आदेश दिले.

तारीख आणखी पुढे गेली. "तौहीदभाई, खुर्च्या वाहून गेल्या तर जबाबदार कोण?" सरपंच म्हणाले. "तुमी हितंच बसा की."

तौहीद बसला. मी ताबीशला आणि अम्मींना घेऊन शाळेच्या गच्चीवर आले आहे. सकाळी त्याचा फोन आला होता: "साहेब निघालेत म्हणे. गालिचा गुडघ्याला लागतोय." त्यानंतर तो फोन उचलत नाही.

भरलेल्या तलावाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्हालाही आला असेल. तुम्ही त्याला हात जोडलेत, मी पाहिलं. कार्यक्रमाला येणारच असाल, तर कृपा करून आधी भिंतीखाली जाऊन बघा, निळ्या शर्टातला माणूस अजून तिथं आहे का. असेल तर हाताला धरून उठवा. आपणहून तो उठणार नाही. तुमची खुर्ची राखतोय.