निर्मळ रक्ताच्या घराण्यांत मैनाऊसाहेबांचें लग्न जाहलें त्याची हकीकत

श्रीगजाननास, कुलदेवतेस आणि ऐकणारांच्या धीरास नमन करून लिहिलें ऐसें जे, पृथ्वीवर राज्यें बहुत जाहलीं, परंतु या राज्याच्या राजघराण्याइतकें निर्मळ रक्ताचें घराणें सूर्यानें उगवूं लागल्यापासून पाहिलें नाही. इतकें निर्मळ कीं सात पिढ्यांत घरांत नवें नाक आलें नव्हतें. मुलानें मामाची लेक करावी आणि मुलीनें आत्याच्या घरीं जावें, हा शिरस्ता. त्यामुळें लग्नांत वऱ्हाड कोणतें आणि घरचें कोणतें हें उमगत नसे, आणि रुसून जावें तर कोठें, म्हणून कोणी रुसतही नसे.

शके सोळाशें एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरे, माघमासीं राणी गोजराबाईसाहेबांच्या चित्तास स्वास्थ्य नव्हतें. बाईसाहेब महाराजांच्या मामाची लेक. त्यांस चार लेंकरें जाहलीं. पहिलीं दोघें एक वर्षाचीं होण्याआधींच देवाघरीं गेलीं, तेव्हां दरबारानें सुईण बदलली, आणि मग विहीर बदलली, आणि मग उपाध्याय बदलला. तिसरे युवराज. त्यांचे बारशास एकवीस तोफा सुटल्या, किल्ल्यावरील कबुतरें उडालीं, दिवाणजींच्या हातचा विडा पडला, आणि युवराज निजले होते ते निजलेच. भाटांनीं जागींच कवन केलें कीं बाळ तोफेस भीत नाहीत, आणि दरबार बहुत संतोषला. बाईसाहेबांनीं मात्र त्या दिवसापासून हाक मारणें सोडिलें आणि पदर हालवून बोलावणें आरंभिलें. आज युवराज अठरा वर्षांचे, मुखांतून शब्द नाही. दरबारी त्यास गांभीर्य म्हणतात.

चौथ्या मैनाऊसाहेब. धडधाकट, बोलक्या, आणि आतां उपवर. तों महाराजांच्या भगिनी आक्कासाहेब आपल्या चिरंजीवांकरितां नारळ घेऊन आल्या. मग बाईसाहेबांनीं वैद्य त्रिंबकभट यांस पडद्याआडून पुसिलें. वैद्य म्हणाले, "आईसाहेब, हरएकाच्या देहांत वस्त्रासारखें कोठें तरी विरलेलें असतें, वरून दिसत नाही. परक्या घरची जोड मिळाली तर एकाचें विरलें दुसऱ्याच्या धडानें झांकतें. येथें दोन्ही तुकडे एकाच ताग्याचे. एकास जेथें विरलें, बहुधा तेथेंच दुसऱ्यास. सगळींच लेंकरें दुखणाईत निपजतात ऐसें नाही, मैनाऊसाहेब समोर आहेतच. पण धोका इतरांहून जास्त, आणि पिढ्यानपिढ्या तेंच करीत गेलें कीं आणखी वाढतो."

मग बाईसाहेब भर बैठकींत बोलल्या कीं, लेक बाहेर द्यावी.

आक्कासाहेब म्हणाल्या, "बाहेर म्हणजे कोठें, वहिनीसाहेब? बाहेर आपल्या ओळखीचें आहे कोण?"

"आक्कासाहेब, तुमचींही दोन गेलींच कीं."

"तीं दृष्ट लागून गेलीं. आणि भावाच्या लेकीवर आत्याचा हक्क. मी काय परकी आहे?"

"परक्या असतां तर तुम्हांस पायघड्या घातल्या असत्या," बाईसाहेब म्हणाल्या.

महाराज मिशीवरून हात फिरवीत बोलले, "वैद्याचें म्हणणें खरें असेल. पण खरें मानावें तर आमच्या आईसाहेब, त्यांच्या सासूबाई, सर्वांचेंच चुकलें ऐसें होईल."

तेव्हां थोरांचा मान राखावा ऐसें ठरलें, आणि वैद्यांस शेला-श्रीफळ देऊन राज्याच्या सीमेपार पोंचतें केलें, आणि फाल्गुनांत मुहूर्त धरून लग्न लाविलें. मैनाऊसाहेब आईच्या गळ्यांत पडून म्हणाल्या, "रडतां काय, आत्याकडेच तर चाललें आहें."

सारांश, घराण्याची शुद्धि राहिली, थोरांचा मान राहिला, बाहेरच्याचा वारा लागला नाही. पुढें मैनाऊसाहेबांस दिवस राहिले आणि आक्कासाहेबांनीं चांदीचा पाळणा घडविण्यास सोनार बसविला. त्यास गोजराबाईसाहेबांचा निरोप गेला तो इतकाच कीं, पाळण्यास घुंगरूं लावूं नयेत. त्याऐवजीं एक लाल चेंडू टांगावा, दिसेल तरी.