पुंजाजीचा चेंडू

पहिल्याच भेटीत पुंजाजीने माझ्या मिशीचा एक केस उपटला.

मी पुण्याहून अमरावतीत येऊन दोन तास झाले नव्हते. अंगावर पंधरा दिवसांच्या बैलगाडीची धूळ होती. कारकुनाच्या नोकरीसाठी कापसाच्या पेढीच्या ओट्यावर साहेबांची वाट बघत उभा होतो. तेवढ्यात पन्नाशीचा एक काळासावळा माणूस सरळ माझ्यापुढे आला. डोक्याला आणि कानांना कापसाचे तंतू चिकटलेले. नमस्कार नाही, नावगाव नाही. त्याने चिमटीत केस धरून ओढला, उजेडाकडे केला आणि दोन्ही टोकं ताणून पाहिली.

"आखूड हाय," तो म्हणाला, "पन चिवट हाय. टिकन हा मानूस."

हा आमच्या पेढीचा पारखी. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि अमरावतीच्या बाजारात गाड्यांच्या रांगा वेशीबाहेरपर्यंत जात होत्या. गाडी आली की पुंजाजी पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला बोळा काढायचा आणि दोन अंगठ्यांमध्ये ओढून तंतू किती लांब निघतो ते बघायचा. तो म्हणेल ती प्रत. तेल्हाऱ्यापासून आलेले शेतकरी त्याच्या अंगठ्यांकडे डोळे लावून बसायचे.

पण त्याचे अंगठे पेढीपुरते थांबत नसत. हलवायाकडची सुतरफेणी त्याने एकदा अशीच ओढून पाहिली आणि "माल वापस करा," असं सांगून निघून गेला. भटजींच्या शेंडीला "सरकी लय, रुई कमी" असा शेरा दिला. भाच्यासाठी मुलगी बघायला गेला तेव्हा नाव, गाव, स्वयंपाक काही न विचारता तिच्या वेणीचा एक केस मागून घेतला. "लांब धागा! करून टाका पक्कं." त्या जोडप्याचा संसार उत्तम झाला, हेही सांगायला हवं.

"तुमच्या घरी कोण कोण?" असं मी सुरुवातीला विचारलं होतं.

"घर हाय ना," तो म्हणाला आणि पुढच्या पोत्यात हात घातला.

आता आमचे साहेब. मॅकरे नाव, स्कॉटलंडातल्या कुठल्याशा समुद्रकाठच्या गावचे. मितभाषी माणूस. भातकुलीच्या वाटेवर एक उजाड माळ होता, तिथे त्यांनी वाटीएवढे नऊ खड्डे खणून घेतले आणि प्रत्येकात लाल चिंधी लावलेली काठी रोवली. गावात बोंब झाली की जमिनीची मोजणी आली. मोजणी कसली! साहेब रोज संध्याकाळी वाकड्या तोंडाची काठी घेऊन जायचे आणि लिंबाएवढा चेंडू मारत मारत एकेका खड्ड्यात घालायचे. ह्या खेळाला गोल्फ म्हणतात. हा खेळ येणारा दुसरा गोरा माणूस थेट अकोल्याला, बैलगाडीने तीन दिवसांवर. म्हणून साहेब एकटेच खेळत आणि एकटेच परत येत.

चेंडू कुठल्याशा झाडाच्या चिकाचे असत, मुंबईहून येत. पण माळाच्या दोन्ही अंगांना काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हात हात खोल भेगा पडतात. चेंडू वाकडा गेला की भेगेत गडप. चैत्र संपता संपता शेवटचा चेंडूही गेला आणि मुंबईची गाडी काही येईना.

साहेब बंगल्याच्या व्हरांड्यात काठी मांडीवर घेऊन बसायला लागले. मला पत्रं लिहायला सांगेनात. जेवणाचं ताट तसंच परत जाई.

"सायबाले काय झालं, पंत?" पुंजाजीने विचारलं.

"चेंडू संपले."

"बस? चेंडू तं मी करतो. कापसाचा."

मी हे साहेबांना इंग्रजीत सांगितलं. कित्येक दिवसांनी ते हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. "वऱ्हाडचा कापूस फार आखूड," ते म्हणाले. "त्याचा चेंडू हवेतच उसवेल." मी भाषांतर करायला नको होतं; केलं.

पुंजाजीच्या तोंडाचा रंगच बदलला. "आखूड मी म्हनीन," तो म्हणाला. "त्यायनं म्हनाचं काम नाही."

पहिला चेंडू त्याने नुसता कापूस चामड्यात ठासून केला. साहेबांनी सगळा जोर लावून मारला. भिजक्या उशीवर बुक्की मारावी तसा आवाज झाला आणि चेंडू चार पावलांवर जाऊन बसला. दुसऱ्यात वजन यावं म्हणून त्याने मधोमध मूठभर सरकी, म्हणजे कापसाचं बी, भरली. हा बरा उडाला. पण सरकी म्हणजे ढोरांचा जीव की प्राण. तिसऱ्या खड्ड्याजवळ एक म्हैस चरत होती. ती वास काढत आली आणि आम्ही तिघं ओरडत धावत पोचेपर्यंत चेंडू चामड्यासकट तिच्या पोटात गेला. साहेब काठी टाकून मटकन खाली बसले. पुंजाजी म्हशीकडे बघून म्हणाला, "पारख हाय तिले."

त्यानंतर आठवडा गेला. मग एका सकाळी, उन्हं तापायच्या आत, त्याने आम्हाला माळावर बोलावलं. धोतराच्या सोग्यातून त्याने तिसरा चेंडू काढला. हा कापसाचा नव्हे, सुताचा होता. बारीक सूत ओलं करून एकावर एक ताणून गुंडाळलेलं, बाभळीच्या डिंकात बुडवलेलं, लाकडी साच्यात घालून कापसाच्या गठाणी दाबायच्या पेचात आवळलेलं, वरून बकऱ्याचं चामडं. टाके इतके बारीक की नखाला लागत नव्हते.

साहेबांनी चिमूटभर मातीचा उंचवटा करून चेंडू त्याच्यावर ठेवला आणि काठी फिरवली.

ठक्क!

चेंडू बाभळींच्या वरून गेला. माळ्याच्या वांग्यांच्या वाफ्यावरून गेला. नाला ओलांडून पलीकडे पडला, एकदा उसळला आणि लाल चिंधीपासून वीस पावलांवर थांबला. साहेब टोपी हातात धरून धावत सुटले. पोक्त माणूस, पण असा धावला! त्यांनी चेंडू उचलून टाके तपासले. एकही सुटला नव्हता.

"बहोत अच्छा!" ते ओरडत आले. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत, "ह्याला सांग, असे बारा हवेत."

"बारा नाही होत," पुंजाजी म्हणाला.

"बरं, सहा."

"दुसरा बी नाही होत."

साहेबांना वाटलं, गडी अडून बसलाय. मलाही तेच वाटलं. मी पुंजाजीला बाभळीखाली नेऊन म्हटलं, "अहो, एवढं मनापासून मागतायत. का नाही म्हणता?"

त्याने सूत धरावं तशी बोटं चोळली. "ते सूत माह्या बायकोनं कातलेलं व्हतं, पंत. असा धागा आता कोनी काढत नाही. ती जाऊन आठ वर्सं झाली. एकच लडी उरली व्हती."

"आणि ती तुम्ही ह्यात घातली?"

"मंग काय करू? तो मानूस पाहा ना तुमी. रोज एकटाच येते, एकटाच मारते. ती गेली तवा मी बी वावरात जाऊन असेच गोटे मारत राह्यलो व्हतो. उन्हाळाभर. तवा मले कोनी इचारलं नाही."

मी साहेबांकडे गेलो आणि जसं ऐकलं तसं सांगितलं. साहेबांनी खिशातला रुमाल काढला, चेंडूवरची धूळ पुसली आणि तो पुंजाजीच्या हातात परत दिला. पुंजाजी भडकला.

"काहून देऊन राह्यले? तिनं सूत ठेवासाठी नवतं कातलं. मारा म्हना!"

त्याने स्वतः वाकून चिमूटभर मातीचा उंचवटा केला आणि चेंडू वर ठेवला. साहेबांनी मारला, आणि दोघं चेंडूमागे चालत गेले.

पुढे तो चेंडू दोन वर्षं चालला. चामडं पुंजाजी बदलायचा, आतलं सूत तेच. रोज संध्याकाळी दोघं माळावर दिसत. मी एकदा विचारलं, "तुम्हाला त्यांची भाषा येत नाही, त्यांना तुमची नाही. काय बोलता एवढं?"

"तो त्याच्या गावचं सांगते, मी माह्या बायकोचं सांगतो."

"समजतं?"

"थांबवत नाही ना कोनी कोनाले."

अमेरिकेतली लढाई संपली, भाव उतरले, साहेबांना परत बोलावणं आलं. चेंडू त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. गाडी वळेपर्यंत पुंजाजी वेशीत उभा होता. दुसऱ्या दिवशी तो पेढीवर आला, पोत्यांत हात घातले, प्रती सांगितल्या. कोणाच्या केसाला काही हात लावला नाही.

त्या संध्याकाळी मी काही कामाने भातकुलीच्या वाटेने निघालो होतो. माळावर पुंजाजी दिसला. हातात काही नव्हतं. पहिल्या काठीपासून दुसऱ्या काठीकडे, तिथून तिसरीकडे, नेमक्या त्याच वाटेने चालत होता. माझी घाई होती. तरी मी रस्ता सोडून माळावर उतरलो आणि त्याला गाठून शेजारून चालायला लागलो.

चौथी काठी आली.

"बोला ना, पंत," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"कायबी. तुमच्या घरचं."

अमरावतीत येऊन मला चार वर्षं झाली होती. माझ्या घरचं मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं. मी आईपासून सुरुवात केली.