दाढेची तपासणी

दुखणारी दाढ कोणती, हे दातांच्या डॉक्टरला आपण होऊन सांगायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं.

ऑडिटमध्ये जन्म गेलेल्या माणसाची ही सवय असते. ज्याची तपासणी करायची, त्याला आपली शंका आधी कळू द्यायची नाही. (बदली होऊन चंडीगढला आलो, तेव्हा नळ गळतो का, हे मी घरमालकालाही विचारलं नव्हतं. पुढे खालच्या मजल्यावरच्यांनी येऊन सांगितलं.)

एरवी मी दाढ दाबून बसलो असतो. पण दुसऱ्या दिवशी मराठी मंडळाचं नाटक होतं आणि त्यात मी इन्स्पेक्टर होतो. वाक्य एकच, "या घरातल्या प्रत्येकावर माझा संशय आहे." इतकी वर्षं पडदा ओढल्यावर मिळालेली ही पहिली भूमिका, तीही बायको, प्रतिमा, दिग्दर्शक म्हणून. गार पाण्याचा घोट घेतला की कळ थेट कानात जात होती. शेवटी प्रतिमाने मला जवळच्याच मनीमाजऱ्यात डॉक्टर हरसिमरन कौर यांच्याकडे नेलं.

"कौन सा दांत है, अंकल जी?" त्यांनी विचारलं.

"वो आप बताइए," मी म्हणालो.

"अहो, सांगा की," प्रतिमा म्हणाली. मी तिच्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. तिने कपाळाला हात लावला.

डॉक्टरांनी बर्फासारखा गार बोळा एकेका दाढेला लावायला सुरुवात केली. दुखत होती वरची, याची मला शंभर टक्के खात्री होती. वरच्या दाढेला बोळा लागला, काही झालं नाही. खालच्या दाढेला लागला आणि मी खुर्चीतून असा उडालो की गुडघ्याने त्यांचा ट्रे पाडला.

"मिल गया," त्या शांतपणे म्हणाल्या.

"गलत मिला. दर्द ऊपर वाले में है."

"ऊपर वाला शरीफ है जी. नीचे वाले की नस सूजी है, दर्द ऊपर दिखा रहा है."

गुन्हा एकाचा आणि बोंब दुसऱ्याच्या दारात, हे मला पटेना. मी म्हणालो, राहू द्या, अँटिबायोटिक लिहून द्या.

"उससे ये दर्द नहीं जाएगा. दांत खोलकर सूजी हुई नस निकालनी पड़ेगी."

सगळे डॉक्टर मागितल्याशिवाय देतात ते औषध ही बाई मागूनही देत नाही, म्हणजे काहीतरी नक्की शिजत होतं. माझा चेहरा वाचून त्या म्हणाल्या, "सिर्फ नीचे सुन्न करती हूं. ऊपर फिर भी दुखा, तो हाथ नहीं लगाऊंगी."

इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने वरची दाढ गप्प झाली. मीही झालो. त्यांनी खालची दाढ उघडून नस काढली, औषध भरलं आणि उरलेल्या रूट कॅनालसाठी पुढच्या आठवड्यात बोलावलं. दाढ वाचली होती, नाटक वाचलं होतं.

"होंठ अभी सुन्न रहेगा," त्यांनी निघताना बजावलं. "तब तक कुछ चबाना मत."

परतताना रिक्षात मी विचार करत बसलो. ओठ खरंच बधिर आहे, याला पुरावा काय? मी तो हळूच चावून पाहिला. काही कळलं नाही. जरा जोरात चावला, तरी नाही. खात्री पटेपर्यंत चावत राहिलो. बाई खरं बोलत होती.

बधिरपणा उतरला तेव्हा ओठ बटाटेवड्याएवढा झाला होता. प्रतिमाने मला वाक्य म्हणायला लावलं. "प्रत्येकावर" हा शब्द तोंडातून बाहेरच येईना. तिने निमिषला फोन केला. हा आयटी पार्कमधला मुलगा नाटकात पोलिसांचा मार खाल्लेला चोर होता. तिने त्याला इन्स्पेक्टर केला आणि त्याचा फाटका शर्ट मला दिला. चोराला वाक्य नव्हतं.

नाटक छान झालं. मंडळाच्या शशिकलाताईंनी माझ्या ओठाच्या मेकअपचं खास कौतुक केलं आणि तो कुणी केला, ते विचारलं. चोर म्हणून मी इतका पक्का वाटलो, की सबंध हॉलमध्ये कुणालाही कसलाच संशय आला नाही.