गमरेकाका कॅमेरा घेतात

कॅमेऱ्याच्या दुकानात शिरल्यावर गमरेकाका आधी किंमत विचारत नाहीत आणि कंपनीही विचारत नाहीत. हवा तो कॅमेरा हातात घेतात आणि काउंटरमागच्या माणसाला सांगतात, "हात ठेवा. पंजा पालथा. बोटं जरा फाकवा. हं, आता श्वास रोखा."

माणूस नवा असेल तर बिचारा खरंच श्वास रोखतो. काका खटकन फोटो काढतात, मोठा करून बघतात, नखांपासून मनगटापर्यंत सावकाश फिरतात आणि मग म्हणतात, "सोडा." मी मागे उभा राहून पंख्याकडे बघत असतो.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. परळच्या एका इस्पितळात ते जन्मभर एक्स-रे टेक्निशियन होते. मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि अजून तिथेच आहे. नवीन मशीन आलं की काका पहिला एक्स-रे स्वतःच्या पंज्याचा काढायचे. हाताची बारीक हाडं नीट आली तर मशीन चांगलं. तोच नियम त्यांनी कॅमेऱ्याला लावला होता. फक्त आता पंजा दुकानदाराचा होता.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, हाडं राहतात. लालबागच्या बाजारातून आम्ही चाललो असताना समोरून एखादा गृहस्थ येतो, हसून नमस्कार करतो. काकाही हसतात आणि तो पुढे गेला की मला सांगतात, "उजवी कॉलरबोन. दोन ठिकाणी. छान जुळली बघ."

रिटायर झाले तेव्हा आम्ही डिपार्टमेंटमध्ये छोटा समारंभ ठेवला होता. भाषण करा म्हटल्यावर काका उभे राहिले आणि म्हणाले, "आजवर माणसं आतून बघितली. आता बाहेरून बघणार. चांगला कॅमेरा घेणार." टाळ्या पडल्या. आम्हाला वाटलं, महिनाभरात घेतील.

दोन वर्षं गेली.

त्या दोन वर्षांत त्यांनी काय नाही केलं! एक्स-रे ठेवायच्या खाकी पाकिटांचा गठ्ठा त्यांच्याकडे होता. प्रत्येक कॅमेऱ्याचं एक पाकीट झालं. आत माहितीचे कागद, आणि वर पेशंटसारखं लिहिलेलं. नाव अमुक, वय दीड वर्ष, तक्रार : बॅटरी लवकर उतरते, अंधारात दम लागतो. एका पाकिटावर तर 'नातेवाइकांना कल्पना दिली आहे' असंही लिहिलं होतं. तो कॅमेरा कंपनीने बंद केला होता.

"वस्तू हाडापर्यंत बघायची, विलास," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मेगापिक्सेलवर त्यांचा मुळीच विश्वास नाही. "मेगापिक्सेल म्हणजे वजन रे. माणूस जाडा दिसला म्हणून काय तब्येत चांगली म्हणायची? लेन्स बघ, लेन्स." मिररलेस कॅमेऱ्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते चिडलेच होते. "आरसा काढून टाकला म्हणून जास्त पैसे? मग इतकी वर्षं आरसा घालून का विकत होते?" पण चिडून गप्प बसणारा हा माणूस नाही. इस्पितळात फिल्म जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा आम्ही तरुण मंडळी चाचपडत होतो आणि काकांनी आठवड्याभरात सगळं शिकून घेतलं होतं. तसंच इथेही झालं. दोन महिन्यांनी ते मलाच कागदावर आकृत्या काढून मिररलेसचे फायदे समजावत होते.

फोर्टमधल्या एका दुकानात मेहताभाई म्हणून होते. सुरुवातीला ते काकांना बघितलं की आत चहाला जायचे. नंतर मात्र काकांचीच वाट बघायला लागले. कारण दुसऱ्या कोणाचा कॅमेरा काका दहा मिनिटांत निवडून द्यायचे. नवरा-बायको फिरायला चाललेत, काय घ्यावं कळत नाही. काका विचारणार, "डोंगर की देऊळ? मुलं किती? पळतात का?" आणि बोट ठेवणार, "हा घ्या." गिऱ्हाईक खूश, मेहताभाई खूश.

"काका, आप इधर ही नौकरी कर लो ना," मेहताभाई म्हणायचे. "खुद का छोड के सब का फायनल कर देते हो."

ते मलाही खटकायचं. एकदा मी विचारलं, "काका, तुम्ही फोटो काढणार तरी कशाचे?"

"आधी येऊ तर दे घरात," म्हणाले आणि रस्ता ओलांडायला लागले.

आता नितीनबद्दल सांगायला हवं. नितीन हा काकांचा एकुलता मुलगा. ठाण्यात राहतो आणि लग्नाचे फोटो काढतो. त्याच्याकडे चार माणसं कामाला आहेत, नाव चांगलं आहे. पण काकांनी त्याला टेक्निशियनच्या कोर्सला घातलं होतं आणि दुसऱ्या वर्षी तो न सांगता सोडून आला होता. त्यावर काका सगळ्या पाहुण्यांसमोर बोलून गेले, "सरकारमान्य काम सोडून हा लोकांच्या मांडवात ताटकळत उभा राहणार. आणि जेवायला शेवटच्या पंगतीत." पाहुणे हसले. नितीन हसला नाही. तेव्हापासून तो घरी येतो तो वर्षाकाठी दोनदा. स्वयंपाकघरात आईशी बोलतो, आणि जाताना बाहेरच्या खोलीत वडिलांना "येतो" म्हणतो. काका "हं" म्हणतात. हे मला काकूंनी सांगितलं. काकांनी कधी मुलाचा विषयच काढला नाही.

मीही या दोन गोष्टी कधी जोडून बघितल्या नाहीत. कॅमेरा हे काकांचं वेड, इतकंच मला ठाऊक.

शेवटी एका शनिवारी मी वैतागलो. "काका, आज घेतला नाही तर मी पुन्हा तुमच्याबरोबर येणार नाही."

आश्चर्य म्हणजे काका मुकाट्याने हो म्हणाले. मेहताभाईंनी खोका काढला. पाकिटावर 'तक्रार नाही' असं लिहिलेला तो एकच कॅमेरा होता. मेहताभाई बिल लिहायला लागले, तसं काकांनी खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाले, "दोन मिनिटं थांबा. एक फोन करून येतो."

ते बाहेर फुटपाथवर गेले. मला वाटलं, काकूंना विचारतायत. मी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या मागे गेलो. एका कानात बोट घालून ते उन्हात उभे होते.

"नितीन? मी बोलतोय... नाही रे, तब्येत बरी आहे. आई पण बरी आहे. नाही, कोणी गेलं-बिलं नाही." मग म्हणाले, "एक विचारायचं होतं. कॅमेरा घ्यायचाय. मला त्यातलं काही कळत नाही."

मी बाटली हातात धरून तसाच राहिलो.

"हो का?" काका म्हणत होते. "अच्छा. म्हणजे लेन्स वेगळी पण मिळते? बदलता येते? अरे वा." एक बस आली, ती गेल्यावर म्हणाले, "मिररलेस म्हणजे काय ते नाही समजलं. जरा सावकाश सांग."

वीस-पंचवीस मिनिटं हे चाललं होतं. काकांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली. पलीकडून काय आलं ते मला ऐकू गेलं नाही, पण शेवटी काका म्हणाले, "तू म्हणतोस तर थांबतो. उद्या? उद्या चालेल. ये ना. जेवायलाच ये."

आत येऊन त्यांनी मेहताभाईंना सांगितलं, "आज नाही." मेहताभाईंनी खोका परत फळीवर ठेवला. त्यांना सवय होती.

मला ते म्हणाले, "विलास, उद्या तू पण ये. मी एकटा म्हणजे... बोलणं सुचायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. दारातच कळलं, काकूंनी कोंबडी-वडे केले होते. खाकी पाकिटांचा गठ्ठा कुठेच दिसत नव्हता. नंतर पाणी घ्यायला आत गेलो तेव्हा तो पिंपामागे लपवलेला दिसला.

नितीन वडिलांच्या शेजारी बसून कागदावर आकृती काढत होता. "हा सेन्सर, बाबा. प्रकाश इथून येतो."

"इथून?"

"नाही, इथून. बघा."

काका बघत होते. आकृतीकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त. मग नितीनने एका कॅमेऱ्याचं नाव सांगितलं. "हा घ्या. तुमच्यासाठी बेस्ट."

हा कॅमेरा काकांनी दादरच्या तीन दुकानांत बघून तीनदा नापास केला होता. त्याच्या दोषांवर त्यांनी मला शिवाजी मंदिरापासून स्टेशनपर्यंत व्याख्यान दिलं होतं.

"छान," काका म्हणाले. "हाच घेऊ."

माझं तोंड उघडलं होतं. काकूंनी माझ्या ताटाकडे बोट केलं. "विलास, वडे गार होतायत तुझे."

मी वडा तोंडात घातला.

जेवण झाल्यावर काका कपडे बदलून आले. "चला, घेऊनच येऊ. फोर्टमध्ये मेहताभाई म्हणून आहेत, ओळखीचे." नितीन म्हणाला, "चला बाबा." मला दोघांनीही आग्रह केला नाही, आणि मलाही उठावंसं वाटलं नाही.

काकू आणि मी गॅलरीत उभे होतो. खाली दोघं बसस्टॉपकडे चालले होते. नितीन हातवारे करून काही सांगत होता, काका मान हलवत होते. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं.

"काकू, आज रविवार. मेहताभाईंचं दुकान बंद असतं. काकांना माहीत आहे की."

"आहे ना," काकू म्हणाल्या.

"मग नितीनला तरी सांगायचं."

"त्याला काय सांगायचं?" काकूंनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "बारा वर्षं तो त्याच दुकानातून सामान घेतोय."