बदक अडतीस नंबरचं

"या उन्हाळ्यात आपल्या इमारतीतला शेवटचा माणूससुद्धा इंग्रजी पुस्तक वाचणार!" हिंदुरावांनी घोषणा केली. समोर चार माणसं होती. त्यातली दोन पाण्याची मोटर कधी चालू होणार, हे विचारायला आली होती.

चिखलोलीच्या त्या इमारतीत तळमजल्यावर एक रिकामी खोली होती. तिथे हिंदुरावांनी वाचनालयाचं कपाट ठेवलं. सेक्रेटरी कमलेशचा तिच्यावर डोळा. त्याने अट घातली, "काका, रविवारपर्यंत वीस पुस्तकं गेली नाहीत, तर खोलीत माझी स्कूटर लागणार. फायनल!"

हिंदुराव अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होते. नंबर नसलेल्या वस्तूवर त्यांचा विश्वास नसे. जमवलेल्या पुस्तकांच्या त्यांनी सोप्यापासून अवघडपर्यंत सात पायऱ्या पाडल्या. "सगळी वाचूनच लावलीत," असंही सांगून ठेवलं. नंबर चिकटवायला स्टिकर दिले शेजारच्या मायाने. ती उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात, जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला जाई. तिथले स्टिकर दोन-दोनने चढणारे: अठ्ठावीस म्हणजे सर्वांत सोपं, चाळीस म्हणजे सर्वांत अवघड. हे सगळं समजावणारी सूचना लिहायची तेवढी राहिली आणि हिंदुराव कपाटाची किल्ली मायाकडे देऊन भाचीच्या लग्नाला बदलापूरला गेले.

अठ्ठावीस ते चाळीस हे आकडे बघून इंग्रजीची पातळी आठवणारा त्या भागात एकच माणूस होता, आणि तो बदलापूरला जेवत होता.

रविवारी ते परतले तर कपाट रिकामं. एकूण एक पुस्तक गेलेलं! कमलेश स्कूटर पुसत उन्हातच उभा होता. हिंदुरावांचा ऊर भरून आला. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या राजाबाई जिन्यात भेटल्या. हातात चाळीस नंबरचं जाडजूड पुस्तक.

"अहो, हे तुम्ही नेलंत? एकदम चाळीस?"

"मग काय अठ्ठावीस नेऊ? माझ्या कंबरेकडे बघून बोला की, भाऊ!"

हिंदुराव कठड्याला टेकले. "मग... कळतंय का काही?"

"मोबाईलवर एकेक शब्द बघते. दोन दिवसांत बारा पानं झाली. खून माळ्याने केलाय, ते कळलं. पण का केला? डोक्याला भुंगा लागलाय नुसता. भात दोनदा करपला."

वरून प्रज्वल धावत आला. इंग्रजी घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला, अंगाने काडी. "काका, ते बदक तळ्यापर्यंत पोहोचतं की नाय? लास्टची दोन पानं चिकटलीत यार!"

"अरे, ते अठ्ठावीसचं, लहान मुलांचं..."

"ते सोडा ना. पोहोचतं का?"

"भाऊंना विचार, त्यांनी सगळी वाचलीत," राजाबाई म्हणाल्या. "आणि भाऊ, माळ्याचं तेवढं सांगून टाका."

दोघं टक लावून बघत राहिले. "सांगितलं तर मजा काय राहिली?" असं म्हणून हिंदुराव घाईने घरात शिरले.

पाठोपाठ माया आली. "काका, लोक दुसऱ्यांदा यायला लागले. तुम्हीच एकटे राहिलात. कंबर किती?"

"अडतीस."

तिने परत आलेलं अडतीस नंबरचं पुस्तक पुढे केलं. हिंदुरावांनी ते उघडलं, चष्मा पुसला, परत उघडलं. मग दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"माया, अडतीसचा एक स्टिकर जास्तीचा आण गं उद्या. त्या बदकावर लाव, आणि ते मला दे."