चोवीस पानांचं महायुद्ध

सनावळी सरांचा शेवटचा तास गुरुवारी होता, आणि त्या तासाला लागणारी चार पुस्तकं बुधवार संपत आला तरी बाइंडरच्या शिकंज्यात दाबून ठेवलेली होती. खळ ओली आहे, आत्ता उघडलीत तर पाठ सुटेल, असं बाइंडरने बजावलं होतं. सर दुकानाच्या पायरीवर दोनदा येऊन गेले. निवृत्त होणारा माणूस एरवी सत्काराच्या भाषणाची काळजी करतो. सरांना त्या चार पुस्तकांची होती.

कारण चौतीस वर्षं त्यांनी महायुद्ध एकाच पुस्तकातून शिकवलं होतं. भिंतीवरचा नकाशा, हातातली काठी आणि ज्यांवरून त्यांना नाव पडलं त्या सनावळ्या. मुलं त्या घडाघडा म्हणायची, पेपरात ओकायची आणि सुट्टीत विसरायची. त्या काळी तीच रीत होती, आणि खरं सांगायचं तर त्या घोकंपट्टीतही गोडी होती. त्या शाळेतून गेलेल्या माणसाला आजही झोपेतून उठवलं तर तो तहाची तारीख बिनचूक सांगेल. तह का झाला, ते मात्र विचारू नये. सरांना तेच डाचत होतं. हेच युद्ध दुसऱ्या देशांतली मुलं भलत्याच पुस्तकातून शिकतात, हे निवृत्त होण्याआधी एकदा तरी आपल्या वर्गाला दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं.

म्हणून त्यांनी चार वेगवेगळ्या देशांत स्थायिक झालेल्या चार जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं लिहिली: तुमच्या मुलांच्या पुस्तकातला महायुद्धाचा धडा आपल्या भाषेत उतरवून पाठवा. अटी सरांच्या स्वभावाला शोभणाऱ्या होत्या. बरोबर चोवीस पानं, टाइप केलेली, एकाच बाजूला. वर फक्त ‘महायुद्ध’. देशांची नावं गाळायची. ज्याचं पुस्तक तो ‘आपला देश’, समोरचा तो ‘शत्रू’. कुठलं पुस्तक कुठलं, ते वर्गाने ओळखायचं. शाळेत असताना या चौघांपैकी एकानेही गृहपाठ वेळेवर दिला नव्हता. आता चाळिशीत चौघांनी दिला, तोही अटी पाळून, आणि ती पाकिटं उघडताना सरांना चष्मा पुसावा लागला. मग सुट्या पानांचे चारही गठ्ठे बाइंडरकडे गेले.

गुरुवारी वर्गातली चार मुलं एकेक पुस्तक घेऊन फळ्यासमोर उभी राहिली. मागच्या बाजूला मुख्याध्यापिका वही उघडून बसल्या होत्या. सरांनी खूण केली आणि पहिल्या बाकावरची मुलगी वाचू लागली.

“आपल्या देशाला युद्ध नको होतं. पण शत्रूने पहाटे सीमा ओलांडली, आणि आपल्या शूर सैनिकांनी...” तिने पान उलटलं. “...माघार घेताना वाटेतली गावं जाळली. त्याबद्दल आपल्या देशाला पुढे माफी मागावी लागली.”

“सावकाश वाच. ओळ सुटतेय,” सर म्हणाले.

ओळ सुटत नव्हती. तिसऱ्या पानावर युद्ध पुन्हा सुरू झालं, तेही दोन वर्षं उशिरा. पाचव्या पानावर आपण एका राजधानीला वेढा घातला आणि सहाव्या पानावर आपणच आत उपाशी बसलो. एक सेनापती आठव्या पानावर देवमाणूस होता, नवव्यावर कसाई. सरांनी घाईघाईने दुसऱ्याला वाचायला लावलं, तर त्याच्या पुस्तकात आपला देश चक्क स्वतःलाच शरण गेला. वर्ग आधी तोंड दाबून हसत होता, मग बाकं वाजू लागली. मुख्याध्यापिका काहीतरी लिहीत होत्या. चौतीस वर्षांत कमावलेलं एका तासात धुळीला मिळतंय, हे सरांना उभ्याउभ्या दिसत होतं.

शाळेच्या फाटकासमोरच्या दुकानातून बाइंडरला बोलावून आणलं. तो खळीने बरबटलेल्या हातांनी आला आणि सवयीने शेवटच्या बाकापाशी उभा राहिला. वीस वर्षांपूर्वी तो याच वर्गात तिथेच बसायचा.

“पंख्याने गठ्ठे उडाले, सर,” तो म्हणाला. “गोळा केले तर एक नंबरची पानं चार, दोन नंबरची चार. नाव एकच. कागद वेगळे होते, पण म्हटलं, कागद संपला असेल. एकाच पुस्तकाच्या चार प्रती समजून नंबरवार लावल्या आणि शिवल्या.”

“अरे, पण वाचून नाही का बघायचं?”

“वाचलं की. काही वावगं वाटलं नाही. तुमच्या तासाला मला इतिहास असाच समजायचा.”

वर्गात हशा पिकला. सरही हसले असते, पण उद्यापासून त्यांना ना फळा होता ना वर्ग, आणि चूक सुधारायला दुसरा तास नव्हता. ते खुर्चीत बसले.

“सर, इथे देश बदलला,” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. तिचं बोट अजून पुस्तकातच होतं. “मागच्या पानावर आपण सगळ्यांना वाचवतोय. या पानावर आपल्यालाच कोणी वाचवत नाहीये.”

मग सगळेच पुस्तकांवर वाकले. कुठे सांधा आहे ते जो तो शोधू लागला. इथे आपण फारच शूर आहोत, म्हणजे हा निराळा. इथे नुसते आकडे आहेत, म्हणजे यांना काहीतरी सांगायचं नाहीये. सरांनी न विचारता उत्तरं येत होती. असा वर्ग त्यांनी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता.

त्या मुलीच्या पुस्तकात सतरा ते वीस या पानांवर मात्र सांधा सापडेना. शाळेचा दवाखाना झाला. मुलं तळघरात पाढे म्हणत होती. बुटात कागद कोंबून चालत होती. आई सारखी म्हणायची, मला भूक नाही, तुम्ही खा. मुलीने चारही पानं न अडखळता वाचली आणि म्हणाली, “ही चार पानं एकाच देशाची आहेत.” वर्गाला ते मान्य होतं.

बाइंडर हात पँटला पुसत पुढे आला. त्याने एकेका पानाचा कोपरा चिमटीत धरून चोळला.

“नाही,” तो म्हणाला. “हा जाड. हा पिवळट. हा पातळ, मागचं दिसतंय. आणि हा गुळगुळीत. चार पानं, चार गठ्ठे.”

घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. सरांनी आता चष्मा पुसला नाही, डोळेच पुसले.

शेवटी मुख्याध्यापिका उठल्या. “सर, पानं मिसळायची ही कल्पना तुम्हाला सुचली तरी कशी?”

“मी फक्त पानं मागवली, बाई,” सर म्हणाले. “धडा ह्याने लावला.”

सर कोणाबद्दल बोलतायत, ते बघायला बाइंडरने मागे वळून पाहिलं.